एकाआड एक रविवार

आमच्या मंडळात माणसं अकरा होती आणि समित्या चार. पर्यावरण समिती, मानवी हक्क समिती, युवक सहभाग समिती आणि या तिघींचा एकमेकींशी संबंध राहावा म्हणून एक समन्वय समिती. मी चौघींपैकी तिघींवर होते. मला नाही म्हणता यायचं नाही असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मला नाही म्हणायचंच नसायचं.

ऐंशीचं दशक सरत आलेलं. डोंबिवलीत त्या काळी दोन माणसं भेटली की तिसऱ्याला अध्यक्ष करून मंडळ काढायची. आमचे अध्यक्ष कल्याणच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, त्यांना आम्ही सर म्हणायचो. बाकीचे बहुतेक नोकरदार किंवा कॉलेजात जाणारे. मी ठाण्याला एका ऑफिसात होते, वय चोवीस. रविवार सोडला तर कुणालाच वेळ नसायचा. म्हणून सभा एकाआड एक रविवारी, सकाळी दहाला, पूर्वेच्या एका शाळेत, चौथीच्या वर्गात. बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागायचे, आणि त्या अवस्थेत आम्ही ठराव पास करायचो. टिटवाळ्याच्या टेकडीवर झाडं लावा, खाणीत दगड फोडणाऱ्यांच्या मुलांना शाळेत घ्या, कारखान्यांच्या धुराची चौकशी करा. झाडं लावली, त्यातली निम्मी जगली. खाणीतल्या मुलांसाठी पत्रं चालू होती. बाकी सगळं उंटावरून शेळ्या हाकणं होतं, पण हे आत्ता म्हणतेय. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

एका रविवारी सभेला मावशी आली. पश्चिमेच्या बाजारात मासे विकायला बसायची ती. माझी आई वर्षानुवर्षं तिच्याकडूनच घ्यायची, त्यामुळे मी तिला ओळखायचे आणि तीही मला. बरोबर तिचा नवरा होता. उंच, काळा, मोजकं बोलणारा माणूस. त्याला आम्ही पुढे काका म्हणायला लागलो. मावशीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत अर्जांच्या प्रती. तीन वर्षांचे अर्ज.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. कारखान्यांकडून येणारा नाला खाडीला जिथे मिळतो, त्याच्या खालच्या अंगाला त्यांच्या डोल जाळ्यांचे खुंट होते. खाडीच्या तळात रोवलेले लाकडी खुंट, त्यांना पिशवीसारखं जाळं बांधायचं, पाण्याच्या ओढीनं मासळी आपसूक आत येते. त्यांच्या पाच घरांची जागा ती, पिढ्यान् पिढ्यांची. नाल्याचं पाणी आल्यापासून मासळी कमी झाली होती, आणि जी मिळे तिला रॉकेलसारखा वास यायचा. मावशी म्हणाली, गिऱ्हाईक मासा उचलतं, हुंगतं आणि परत ठेवतं, वर माझ्याकडेच असं बघतं की मीच त्यात काही घातलंय. आता कारखान्यांनी त्याच नाल्याच्या तोंडाशी कायमचा पाइप टाकायची परवानगी मागितली होती. ठाण्याच्या सरकारी ऑफिसात सुनावणी लागली होती. तिथल्या साहेबांनी कोळ्यांना सांगितलेलं, पाणी खराब असल्याचा पुरावा आणा. पुरावा आला तर परवानगी थांबेल, नाही आला तर तक्रारीची फाइल बंद.

पाच घरांचं पोट त्या एका फाइलवर होतं, हे आम्हाला त्याच दिवशी समजलं. समजलं नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

आम्ही अर्थातच उत्साहानं उठलो. ठरावबिराव मागे राहिले, खरं काम समोर आलेलं. सर म्हणाले पाण्याचे नमुने घेऊ, कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासू. कार्यक्रम मी आखला. एकाआड एक रविवारी जायचं, एकूण पाच वेळा, ठरलेल्या चार जागांवरून बाटल्या भरायच्या. दर रविवारी का नाही? तर मधल्या रविवारी सभा असायची. त्या ऑफिसाला पत्रही मीच लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ते मला अजून पाठ आहे: 'निष्कर्ष काहीही असोत, ते आम्ही आपल्यापुढे जसेच्या तसे मांडू.' हे वाक्य लिहून झाल्यावर मी दोनदा वाचलं होतं. भारी वाटलेलं.

पहिल्या रविवारी आम्ही सहाजण बंदरावर गेलो. काकांची होडी पायरीला टेकून उभी. बसायच्या फळीवर त्यांनी गोणपाट घडी करून टाकलेला, म्हणजे आमचे कपडे ओले होऊ नयेत. अकरा वाजले होते. खाडी काठोकाठ भरलेली, पाणी करडं पण तसं काही वाईट नाही, कडेला थोडा फेस. नाल्याच्या तोंडाशी नाकाला झोंबणारा वास होता. काकांनी वल्ह्यानं दाखवलं, हे बघा, इथून येतं. आम्ही बघितलं. दाखवण्यासारखं पाण्यात काही दिसत नव्हतं, पण आम्हाला डोळ्यांवर विश्वास ठेवायचाच नव्हता, आम्हाला शास्त्र हवं होतं. होडीच्या काठापासून हात लांब करून बाटली बुडवायची, बुडबुडा न राहता भरायची, सरांनी दिलेल्या दोन कुप्यांतले थेंब टाकायचे, काचेचं बूच लावायचं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यानं जिथल्या तिथे धरून ठेवला जातो आणि मग प्रयोगशाळेत मोजता येतो. काका हे सगळं फार आदरानं बघायचे. बाटलीला सगळं कळतं अशी त्यांची समजूत झालेली दिसत होती. आमची समजूतही फारशी वेगळी नव्हती.

निघताना काका पुढच्या खेपेची वेळ सांगायचे. पुढच्या वेळेला सव्वादहाला या. त्याच्या पुढे साडेनऊला. दर खेपेला अर्धा-पाऊण तास अलीकडची. आम्ही धरून चाललो की काकांना दुपारी काहीतरी काम असणार. शेवटच्या खेपेला आठला बोलावलं तेव्हा मी जरा कुरकुरले, रविवारी सकाळी आठ म्हणजे काय! कॉलेजची पोरं तर अर्धवट झोपेतच आलेली. पण पाचही वेळा होडी पायरीला टेकलेली असायची आणि आम्ही चपला न काढता चढायचो. परत आलो की मावशी चहा द्यायची. एकदा तिनं कोळंबी उकडून ठेवली होती. पोरांनी खाल्ली. वास येतो का म्हणून तिनं विचारलं, पोरं म्हणाली नाही हो. येत होता. थोडा.

नोंदीचा तक्ता माझ्याकडे होता. तारीख, वार, वेळ, जागा, हवामान, नमुना घेणाऱ्याचं नाव. हवामान लिहिलं की सगळं आलं, असं मला वाटायचं.

निकाल हातात आले तेव्हा सर कोड्यात पडले. पाणी काही पिण्यासारखं नव्हतं, पण मासे जगतील एवढा प्राणवायू पाचही वेळा होता. सरांनी पुन्हा तपासलं. तेच. त्या रविवारच्या सभेत पहिल्यांदाच आमच्यात खरी वादावादी झाली. दोघं-तिघं म्हणाले, अहवाल देऊच नका, त्या लोकांचं नुकसान होईल. मी उभी राहिले. म्हटलं, जे आलं ते द्यायचं असं आपण लिहून दिलंय. सोयीचं असलं तर द्यायचं आणि गैरसोयीचं असलं तर दडवायचं, मग आपल्यात आणि कारखानदारांत फरक काय राहिला? टाळ्या पडल्या. बाकावर बसता बसता गुडघा आपटला, तरी मी खूश होते. काका-मावशीला जाऊन आधी सांगावं, त्यांना विचारावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते अर्जदार होते, आम्ही तटस्थ. तटस्थ माणसानं अर्जदाराशी अहवालाबद्दल बोलायचं नसतं असं काहीतरी आम्ही मनाशी धरलेलं. अहवाल गेला, खाली सही माझी.

सुनावणीला कोळीवाड्यातून आठ-दहा माणसं आली होती. मावशी बाजार बुडवून आलेली, ठेवणीतलं लुगडं नेसून. साहेब मध्यमवयाचे, सभ्य, दमलेले. कारखान्यांच्या बाजूनं एक गोरेसे गृहस्थ होते, हातात चामड्याची बॅग. साहेबांनी आमचा अहवाल वाचायला घेतला, एकेक पान. मग चष्मा काढून त्यांनी कोळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, हा तर तुमच्याच बाजूच्या लोकांनी दिलाय, यात पाणी मासळीला चालण्यासारखं आहे म्हणतात, मग तुमची तक्रार नेमकी काय?

कोळीवाड्यातल्या लोकांनी आमच्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. रागाचं नव्हतं, त्यांना कळतच नव्हतं काय झालं ते. मावशी मात्र गप्प बसणारी नव्हती.

"पानी बरं हाय तर मासं काय लाजंनं मरतान?" ती म्हणाली.

गोरे गृहस्थ हसले. साहेब नाही हसले. काकांनी मग हळूच विचारलं, हे कुठल्या दिवशीचं पाणी? साहेबांनी तारखा वाचल्या. काकांनी बोटांची पेरं मोजली, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले आणि म्हणाले, साहेब, हे सगळं भरतीचं पाणी आहे. भरतीला समुद्र आत येतो, नाल्याचं पाणी मागे रेटलं जातं, उरलेलं पातळ होतं. आमची जाळी ओहोटीला लागतात. नाला ओहोटीला सुटतो.

साहेबांनी अहवाल चाळला. भरती-ओहोटीची नोंद कुठे आहे? मला विचारलं. मी म्हटलं, नाही केली. साहेबांनी एक महिन्याची मुदत दिली. भला माणूस. त्या दिवशी फाइल बंद करता आली असती त्यांना.

बाहेर पडून आम्ही तलावपाळीवर, तळ्याच्या काठी बसलो. आधी सांगते, मला काकांचा राग आलेला. एवढा साधा मुद्दा, आणि पाच वेळा होडीतून नेताना या माणसानं तोंड उघडू नये? मी तसं विचारलंच. तुम्हाला माहीत होतं तर आम्हाला भरतीला का नेलंत?

काका गोंधळले. त्यांना वाटलं मी काहीतरी अवघड विचारतेय.

"तुमचं पाय चिखलान भरू नय म्हनून," ते म्हणाले.

ओहोटीला बंदराच्या पायरीपासून पाण्यापर्यंत मांडीभर चिखल असतो. शहरातली शिकलेली माणसं, त्यात पोरी, चांगल्या चपला घालून आपल्यासाठी येताहेत, त्यांना चिखलातून कसं न्यायचं? म्हणून ते दर खेपेला भरती साधून वेळ द्यायचे. बाटलीला भरती काय नि ओहोटी काय, सगळं कळत असेल, असंही त्यांना वाटलेलं. आणि आम्ही विचारलंच नव्हतं. पाचही वेळा मी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, पुढच्या वेळी किती वाजता यायचं.

मग त्यांनी तिथेच बाकावर बसून आम्हाला हिशेब शिकवला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आपल्या खाडीत पाणी लांबून येतं, म्हणून वर तास-दीड तास धरायचा. कोळीवाड्यातलं दहा वर्षांचं पोरही हे करतं. भरती तिथीवर चालते, वाराला ती ओळखत नाही. पण पंधरवड्यानं तिथी फिरून जवळपास तीच येते. म्हणजे आम्ही एकाआड एक रविवारी जायचं ठरवलं तिथेच सगळं ठरून गेलेलं. मधल्या रविवारी गेलो असतो तर त्याच वेळेला खाडी सुकलेली मिळाली असती, आणि नाला उघडा. पण मधल्या रविवारी आम्ही चौथीच्या वर्गात बसून खाडी वाचवण्याचे ठराव करत होतो.

सर कपाळाला हात लावून बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढंच म्हणाले. मला तेव्हा तेही झोंबलं.

पुढच्या मधल्या रविवारी आम्ही ओहोटीला गेलो. सभा रद्द केली, मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा. चिखलात पहिल्याच पावलाला माझी चप्पल गेली ती गेलीच. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. काका पुढे, एकेकाचा हात धरून. नाल्याच्या तोंडाशी पाणी तांबडं होतं, मधून जांभळट, वर साबणासारखा फेस. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बोईट मासे पांढरी पोटं वर करून कडेला पडलेले, एरवी चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या चिखलातच मरून वाळलेल्या. पोरांपैकी एकाला ओकारी झाली.  मी बाटली बुडवली तेव्हा हाताला चुरचुरलं. हे पाणी काका रोज बघत होते, या पाण्यात उतरून जाळी सोडवत होते, आणि आम्हाला मात्र गोणपाटावर बसवून फिरवून आणत होते. मला त्या दिवशी लाज वाटली. सबंध दिवस वाटली.

त्या महिन्यात तीनदा गेलो, दर वेळी ओहोटीला, एकदा तर मी ऑफिसला दांडी मारली. निकालात प्राणवायू जवळजवळ नव्हताच. दुसरा अहवाल तयार झाला. यावेळी भरती-ओहोटी, तिथी, सगळं नोंदवलेलं. आता फक्त एक गोष्ट राहिली, पहिल्या अहवालाबद्दल काय लिहायचं?

सरांनी मला कल्याणला घरी बोलावलं. खाणीतल्या मुलांचं प्रकरण तेव्हा अगदी काठावर आलेलं. शाळेबाहेरच्या मुलांची मोजणी आमच्या मंडळानं केलेली, दुसऱ्या एका ऑफिसात ती खरी धरली जाणार होती. सर म्हणाले, आपण आपल्याच हातानं लिहून दिलं की आपला अहवाल चुकीचा होता, तर उद्या खाणमालक तेच कागद घेऊन उभे राहतील. म्हणतील, या लोकांना धड पाणी मोजता येत नाही, मुलं काय मोजणार? सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते कपटी माणूस नव्हते, त्यांच्याबद्दल मला कधी तसं वाटलं नाही. चूक हा शब्द टाळायचा, एवढंच ते म्हणत होते. मग मीच शब्द सुचवला. अपुरा. पहिला अहवाल अपुरा होता, हा त्याला पूरक. सर म्हणाले, वा, नेमका.

नेमका म्हणून मीही खूश झाले. आणि मनातून सुटल्यासारखं वाटलं, कारण खाणीतली मुलं बाजूला ठेवली तरी चुकलं असं लिहून खाली सही करायची माझी तयारी नव्हती. शाळेत पहिला नंबर सोडला नव्हता मी. घरातही कधी कुणाला चुकलं म्हटल्याचं आठवत नाही. आमच्याकडे चुका व्हायच्या, पण त्या गैरसमज असायच्या.

दुसरी सुनावणी. तेच साहेब, तेच गृहस्थ. कोळीवाड्यातून यावेळी पाचही घरांतली माणसं आलेली. साहेबांनी दुसरा अहवाल वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला, हे मी बघितलं. मावशीनंही बघितलं, तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

मग ते गृहस्थ उठले. शांतपणे त्यांनी दोन्ही अहवाल हातात घेतले. दोन्हींवर सही याच ताईंची, दोन्हीकडे तपासणी त्याच प्रयोगशाळेतली, बरोबर? मी म्हटलं, बरोबर. एकात पाणी मासळीला चालण्यासारखं आहे, दुसऱ्यात नाही. मग पहिला चुकीचा होता का?

"अपुरा होता," मी म्हटलं.

"अपुरा. म्हणजे त्यात जे आहे, ते बरोबरच आहे."

मी सरांकडे बघितलं. सर टेबलाकडे बघत होते. मी म्हटलं, हो. तसं बघितलं तर खोटं नव्हतं, भरतीचं पाणी तसंच होतं. पण मला विचारलं ते वेगळं होतं, आणि ते काय होतं हे मला पक्कं कळलं होतं. नाल्याबद्दल बोलायला निघालेला अहवाल नाल्याबद्दल काहीच सांगत नव्हता, तो फेकून द्या, चूक आमची. एवढंच म्हणायचं होतं. साहेब वाट बघत थांबले. खरंच थांबले, पेन वर धरून. मग त्यांनी खाली मान घालून सांगायला सुरुवात केली आणि शेजारचा कारकून लिहायला लागला: मंडळ आपल्या पहिल्या अहवालावर कायम आहे.

काका उठून उभे राहिले. कुणी त्यांना बोलायला सांगितलं नव्हतं.

"चूक माजी हाय सायेब," ते म्हणाले. "मी त्यांना भरतीला नेलं. त्यांना काय ठावं? पयला कागद फाडून टाका. चूक माजी लिवा."

साहेबांनी विचारलं, अहवालावर तुमची सही आहे का? काका म्हणाले, नाही. साहेब म्हणाले, मग तुमच्या नावावर कसं लिहू, बसा. आवाज कडक नव्हता. उलट ते पुन्हा माझ्याकडे वळले आणि क्षणभर थांबले. दुसऱ्यांदा. त्या खोलीत अर्जदार, साहेब, कारकून, अगदी ते गृहस्थसुद्धा, सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी हातातला रुमाल चुरगाळत बसले होते. होडीवाला माणूस माझी चूक आपल्या डोक्यावर घेतोय आणि मी ती त्याला घेऊ देतेय, हे मला त्याच क्षणी कळत होतं, नंतर नव्हे. तरी मी उठले नाही.

एकाच मंडळाचे दोन अहवाल परस्परांशी जुळत नाहीत, पहिल्यावर मंडळ कायम आहे, सबब तक्रार सिद्ध होत नाही. फाइल बंद झाली.

 जिना उतरून खाली आल्यावर काकांनी सरांना नमस्कार केला, तुम्ही लय केलंत आमच्यासाठी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मावशी पुढे चालत राहिली.

पाइप आला. दोन वर्षांत पाचही घरांनी खुंट काढले. काकांना टिटवाळ्याकडे एका नव्या इमारतीवर वॉचमनची नोकरी मिळाली, सकाळची गाडी धरून जायचे. मावशी मुंबईला मासळीच्या धक्क्यावर जाऊन माल आणायला लागली. खाणीतल्या मुलांचं काम मात्र झालं, त्यांना शाळा मिळाली, आमची मोजणी ग्राह्य धरली गेली. सरांनी मला ते मुद्दाम फोन करून सांगितलं. ही गोष्ट माझ्या बाजूनं कुणी मांडली तर मी ऐकून घेते. मी स्वतः ती मांडत नाही. मंडळ त्यानंतर सहा-सात वर्षं चाललं, मी तीन वर्षांनी सोडलं, लग्न आणि बदली ही कारणं देऊन.

नव्वदचं दशक अर्धं उलटल्यावर मी डोंबिवलीला परत राहायला आले. आई गेली होती, बाजार आता माझ्याकडे. मावशी तिथेच बसायची, केस पांढरे झालेले. मला बघून तिनं नेहमीसारखं सरंगा पुढे सरकवला, आईला आवडायचा म्हणून. बोटीचा आहे, खाडीचा नाही, घे बिनधास्त, म्हणाली. तीन-चार महिने मी तिच्याकडून मासे घेत होते आणि दर वेळी तोंडाशी आलेलं गिळत होते. एका सकाळी गर्दी नव्हती. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, मावशी, त्या सुनावणीत चुकलं माझं. मी बोलायला हवं होतं.

 ती हातातल्या माशाचे खवले काढत राहिली, पाठ झाली, पोट झालं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे पोरी, झालं ते झालं. मी त्याची वाटच बघत होते, खरं तर त्यासाठीच मी बोलले होते.

"मना कशाला सांगतंस?" ती म्हणाली. "मना ठावंच व्हतं. सायबाला सांगायचं व्हतं."

मग तिनं मासा कापून, धुऊन माझ्या पिशवीत घातला आणि मागे उभ्या असलेल्या बाईला विचारलं, तुला काय देऊ?